झिणझिण्या अंगात नव्हे, घरात!

मागच्या वर्षी ऐन वैशाखात भडगावजवळच्या एका खेड्यातून पन्नाशीच्या एक मावशी सुनेला बरोबर घेऊन दवाखान्यात आल्या. तक्रार एकच होती. "डॉक्टरसाहेब, हातले मुंग्या येतस." हाताला मुंग्या म्हटले की मधुमेह, बी-बारा जीवनसत्त्वाची कमतरता, मानेच्या मणक्यांचे दुखणे अशी कारणे आधी डोळ्यांपुढे येतात. मावशींचे रक्त महिन्यापूर्वीच तपासून झाले होते आणि त्यात काही दोष नव्हता. ताकदीच्या गोळ्याही घेऊन झाल्या होत्या. गुण नव्हता.

मग विचारले, "मुंग्या नेमक्या केव्हा येतात? रात्री झोपेत की काम करताना?" मावशींनी थोडा विचार केला. "सकाळी येतस, दुपारी येतस. कूलरमां पानी टाकतांना." सून हसून म्हणाली, "तो कूलर जरा करंट मारतो. पण चप्पल घातली की काही होत नाही."

मावशींना औषध दिले नाही. चिठ्ठीवर एवढेच लिहिले, 'कूलर आजच बंद करावा. जाणता वायरमन बोलवावा.' वायरमनने पाहिले तेव्हा कूलरच्या पाण्यातल्या पंपाच्या वायरला चिकटपट्टीचा जोड होता आणि तो जोड पाण्यात बुडालेला होता. प्लगमध्ये अर्थिंगची हिरवी वायर जोडलेलीच नव्हती. म्हणजे आजार मावशींच्या अंगात नव्हता, घरात होता.

आरोग्याच्या सदरात वायरिंगचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार आपल्या देशात अलीकडच्या वर्षांत विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरण पावली आहेत. यात शेतातले, रस्त्यावरचे आणि कारखान्यातले अपघात आहेत, तसे घरातलेही आहेत. घरातल्या अपघातांबाबत एक गोष्ट वारंवार दिसते. धक्का लागलेल्या माणसाला घेऊन येणारे नातेवाईक सांगतात, "आठ दिवसांपासून थोडा थोडा मारत होता." म्हणजे घराने आधी कळवलेले असते. झिणझिणी हे लक्षण आहे. ज्या दिवशी ते दिसले, त्याच दिवशी उपाय केला पाहिजे.

वीज शरीरात शिरते तेव्हा

आपल्या घरात येणारा वीजदाब २३० व्होल्ट असतो. हा दाब नेहमी सारखाच असला, तरी शरीरातून किती प्रवाह जाईल हे वाटेतल्या अडथळ्यावर ठरते. कोरडी कातडी आणि पायात कोरडी रबरी चप्पल असेल तर अडथळा फार मोठा असतो. तेव्हा जेमतेम एक-दोन मिलिअँपिअर प्रवाह जातो आणि नुसती झिणझिणी जाणवते. (मिलिअँपिअर म्हणजे एका अँपिअरचा हजारावा भाग.)

आता तेच अंग घामाने भिजलेले, हात ओले आणि पाय ओल्या फरशीवर अनवाणी आहेत असे धरा. कातडीचा अडथळा कोसळतो आणि शरीराचा एकूण अडथळा सुमारे एक हजार ओहमवर येतो. २३० ला हजाराने भागले की ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर येतात. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब जेवढा प्रवाह घेतो, त्याहूनही हा थोडा कमीच आहे. पण माणसाला मारायला तो पुरेसा होतो.

प्रवाह वाढत गेला की काय होते, ते साधारण असे:

१ मिलिअँपिअरच्या आसपास: झिणझिणी जाणवते.

१० ते १६ मिलिअँपिअर: स्नायू आवळले जातात आणि हातातली वस्तू सोडता येत नाही.

३० मिलिअँपिअर व त्यापुढे: छातीचे स्नायू आखडून श्वास अडकू लागतो.

५० ते १०० मिलिअँपिअर व त्यापुढे: हृदयाचे ठोके विस्कटतात. हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे ढकलत नाही. काही मिनिटांत मृत्यू येतो.

यातला दुसरा टप्पा नीट समजून घ्यावा. "विजेने ओढून धरले" असे लोक म्हणतात. वीज कोणाला ओढत नाही. आपल्याच हाताचे स्नायू मूठ घट्ट मिटतात आणि मनात असूनही ती उघडता येत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डालझिएल यांनी स्वेच्छेने तयार झालेल्या माणसांवर याचे प्रयोग केले होते. हात सोडवून घेता येण्याची सरासरी मर्यादा पुरुषांत सुमारे १६ आणि स्त्रियांत सुमारे साडेदहा मिलिअँपिअर आढळली. लहान मुलांची मर्यादा याहून कमी धरतात. म्हणजे जो कूलर वडिलांना 'जरासा मारतो', तोच मुलाला धरून ठेवू शकतो.

चप्पल घालून पाणी भरणे किंवा "प्लग उलटा लावला की मारत नाही" हे घरोघरचे उपाय तापावरच्या गोळीसारखे आहेत. ताप उतरतो, आजार तसाच राहतो. ज्या दिवशी चप्पल ओली असेल, किंवा सुटीला आलेले नातवंड अनवाणी जाऊन कूलरला हात लावील, त्या दिवशी तोच कूलर जीव घेऊ शकतो.

खान्देशातला उन्हाळा आणि कूलर

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. कूलर ही आता चैन राहिलेली नाही. लहान मुले, म्हातारी माणसे आणि बाळंतिणी यांना उष्माघातापासून वाचवायला तो हवाच. पण याच दिवसांत तीन गोष्टी एकत्र येतात. अंगाला घाम असतो, कूलरभोवती पाणी सांडलेले असते आणि जमीन कोरडी पडलेली असते. पहिल्या दोन गोष्टी सहज लक्षात येतात. तिसरीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

त्यासाठी आधी अर्थिंग म्हणजे काय ते पाहू. कूलर, फ्रिज, मिक्सर, पाण्याची मोटर यांच्या धातूच्या अंगाला एक वायर जोडून ती जमिनीत पुरलेल्या नळीपर्यंत किंवा पट्टीपर्यंत नेलेली असते. आत बिघाड होऊन पत्र्यात वीज उतरली, तर तिला या वायरीने जमिनीकडे जाण्याची सोपी वाट मिळते. ही वाट चांगली असेल तर भरपूर प्रवाह वाहून फ्यूज उडतो आणि बिघाड कळतो. वाट बंद असेल तर पत्रा वीज धरून वाट पाहत बसतो. जो हात लावील, त्याचे शरीर ती वाट होते.

तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन याच वायरीची. ती मुद्दाम लांब केलेली असते, म्हणजे प्लग लावताना ती आधी जोडली जाते व काढताना शेवटी सुटते. जाडही असते, म्हणजे चुकीच्या भोकात जात नाही. ही पिन मोडून किंवा काढून दोन पिनांवर कूलर चालवणे म्हणजे वाहनाचा ब्रेक काढून ठेवणे आहे.

आता जमिनीकडे वळू. गिरणाकाठची आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. चैत्र-वैशाखात शेतात पडणाऱ्या भेगा आपण दरवर्षी पाहतो. तीच माती अर्थिंगच्या नळीभोवतीही असते. ती वाळली, नळीपासून सुटली की विजेची वाट अडते. म्हणजे पावसाळ्यात ठीक असलेले अर्थिंग, कूलरचा हंगाम सुरू होतो नेमके तेव्हाच दुबळे होते.

उपाय सोपा आहे. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतावे. नवे अर्थिंग करताना गॅल्व्हनाइज्ड लोखंडी नळी किमान अडीच मीटर खोल जावी, ती भिंतीपासून किमान दीड मीटर दूर असावी आणि भोवती कोळसा व मिठाचे थर द्यावेत. हातभर सळई ठोकली आणि तिला तार गुंडाळली, याला अर्थिंग म्हणत नाहीत. नळाच्या पाइपलाही अर्थिंग जोडू नये. आता बहुतेक पाइप प्लास्टिकचे असतात. तिथे अर्थिंग तर होत नाहीच, उलट नळाची धातूची तोटीच विजेची होऊ शकते.

माळ्यावरून कूलर उतरवताना एवढे पाहावे:

१. वायर उंदराने कुरतडलेली नाही ना? जोड देऊन चालवू नये, वायर अखंड नवी टाकावी.

२. पंप जुना, फुगलेला किंवा गंजलेला असेल तर बदलावा. त्याची वायर पाण्यात न लोंबता वर बांधावी आणि पाण्यात एकही जोड नसावा.

३. कूलरच्या पत्र्याला अर्थिंगची हिरवी वायर स्क्रूने घट्ट बसवलेली आहे ना? स्क्रूखाली रंग किंवा गंज असेल तर तो खरवडून काढावा.

४. कूलर चालू असताना पाणी भरू नये. आधी बटण बंद करावे, मग प्लग काढावा आणि नंतर पाणी भरावे. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण चुकीच्या वायरिंगमध्ये बटण बंद असतानाही यंत्रात वीज असू शकते.

आखाजीला लेकी माहेरी येतात, मुलांना सुट्या असतात आणि घर भरलेले असते. घरातल्या मोठ्यांना 'त्या कोपऱ्यातून हात लावू नये' हे ठाऊक असते, पाहुण्या मुलांना नसते. म्हणून कूलरची ही तपासणी आखाजीच्या आधी झालेली बरी.

एमसीबी घराला वाचवतो, माणसाला नाही

"आमच्याकडे नवे बोर्ड आहेत, एमसीबी आहे, मग भीती कशाची?" असे पुष्कळ जण म्हणतात. हा गैरसमज जिवावर बेततो.

फ्यूज असो की एमसीबी, त्याचे काम वायर तापून आग लागू नये एवढे पाहण्याचे आहे. घरातला एमसीबी ६, १० किंवा १६ अँपिअरचा असतो. माणसाच्या अंगातून ०.२३ अँपिअर गेला तर त्याला पत्ताही लागत नाही. अनेक जुन्या घरांत तर चिनी मातीच्या फ्यूजमध्ये वायरीतली तांब्याची तार भरलेली असते. तो फ्यूज कधीच उडणार नाही, भिंतीतली वायर मात्र जळेल.

माणसाला वाचवणारे उपकरण वेगळे आहे. पूर्वी त्याला ईएलसीबी म्हणत, आता आरसीसीबी या नावाने मिळते. घरात जितका प्रवाह आला तितकाच परत गेला पाहिजे, हा हिशोब ते सतत ठेवते. थोडासा प्रवाह जरी वाट चुकून पत्र्यातून किंवा माणसातून जमिनीत गेला, तरी हिशोब चुकतो आणि पापणी लवते न लवते तोच वीज बंद होते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी घ्यावे. वर दिलेले आकडे पाहिले की हीच मर्यादा का, ते कळेल. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत अगदी लहान जोडण्या सोडून घरगुती जोडण्यांसाठी ही मर्यादा घातली होती. २०२३ साली त्या नियमांच्या जागी नवे नियम आले. पण कायदा लागू असो वा नसो, दोन खोल्यांच्या घरालाही हे उपकरण हवे. त्याची किंमत साधारण कूलरहून कमी असते.

याबाबत तीन सूचना आहेत. आरसीसीबी बसवले तरी एमसीबी हवाच, कारण दोघांची कामे वेगळी आहेत. त्यावरचे 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. वीज गेली नाही तर उपकरण निकामी झाले असे समजावे. आणि ते वारंवार पडू लागले तर "हे खराब आहे, काढून टाका" असे म्हणू नये. ताप मोजणारी नळी फोडून ताप जात नाही. घरात कुठेतरी वीज गळते आहे, ती जागा शोधून घ्यावी.

आरसीसीबीलाही मर्यादा आहे. कोणी एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना हात लावला, तर प्रवाह एका हातातून येऊन दुसऱ्या हातातून परत जातो आणि हिशोब चुकत नाही. तेव्हा ते वाचवू शकत नाही. म्हणून हे उपकरण आहे म्हणून उघड्या तारांशी खेळू नये.

पावसाळा: पत्रा, भिंत आणि कपड्यांची तार

पावसाळ्यातला सगळ्यात घातक प्रकार म्हणजे कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेला घासत असते. वाऱ्याने घासून घासून तिचे आवरण फाटते आणि सगळा पत्रा विजेचा होतो. त्याच पत्र्याच्या खांबाला कपड्यांची तार बांधलेली असते. ओला कपडा, ओले हात आणि ओले अंगण. आई चिकटते, तिला सोडवायला धावलेला मुलगाही चिकटतो. एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन बळी जाण्याच्या बातम्या वाचकांनी याच पानांवर वाचल्या असतील.

यावरचा उपाय दहा-वीस रुपयांचा आहे. लोखंडी तार आजच काढावी आणि नायलॉनची किंवा सुताची दोरी बांधावी. सर्व्हिस वायर पत्र्याला टेकत असेल तर ती उचलून, चिनी मातीचे गुटके लावून घ्यावी. खांबापासून मीटरपर्यंतचे काम महावितरणचे आहे, तिथे स्वतः हात घालू नये. १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. मीटरच्या पुढचे वायरिंग ही घरमालकाची जबाबदारी असते.

जुन्या धाब्याच्या घरांत लाकडी पट्टीवरून नेलेल्या वायरी अजून आहेत. वायरींचे आवरण कडक होऊन तडकलेले असते. धाबे गळले, भिंत ओली झाली की वीज भिंतीत उतरते आणि बटणाला हात लावताच चुणचुणते. अशा बोर्डाचा एमसीबी किंवा मुख्य बटण बंद करून ठेवावे आणि भिंत वाळल्यावर वायरी बदलून घ्याव्यात. श्रावणात कानबाईसाठी घरात माळा लागतात. त्या ओल्या भिंतीवर खिळे मारून किंवा चिकटपट्टीचे जोड देऊन लावू नयेत.

नळाला पाणी आले की टिल्लू मोटर लावण्याची धांदल प्रत्येक गल्लीत असते. त्या वेळी ओट्यावर पाणी, हात ओले आणि मोटर उघड्यावर असते. नळाला मोटर लावणे मुळात गैरच, आणि जिवालाही घातक आहे. स्वतःच्या टाकीवरची मोटर असेल तर तिला अर्थिंग हवे आणि बटण कोरड्या जागी, पाण्यापासून दूर असावे.

हिवाळा: बादलीतला रॉड

थंडीत पारा १० अंशांच्या आसपास उतरला की पाण्यात टाकायचा रॉड बाहेर निघतो. पाणी तापले का हे पाहायला रॉड चालू असतानाच बोट बुडवणे ही घरोघरची सवय आहे. ती मोडलीच पाहिजे. रॉड आधी पाण्यात सोडावा, मग बटण चालू करावे. आधी बटण बंद करावे, प्लग काढावा आणि मगच पाण्याला किंवा बादलीला हात लावावा. लोखंडी किंवा पितळी बादली वापरू नये. रॉडवर क्षार साचून तडे गेले असतील तर तो फेकून द्यावा. न्हाणीघरात रॉड चालू ठेवून लहान मुलांना एकटे सोडू नये.

वायरिंगची नेहमीची लक्षणे

रोग्याची नाडी पाहावी तसे घराकडेही पाहता येते.

प्लग किंवा सॉकेट गरम होते, काळे पडते, जळका वास येतो: जोड सैल आहे किंवा भार जास्त आहे. एकाच सॉकेटवर तिहेरी प्लग लावून कूलर, फ्रिज आणि इस्त्री चालवू नये. प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. गीझर, इस्त्री, रॉड यांना १६ अँपिअरचे सॉकेट आणि तांब्याची किमान २.५ चौरस मिलिमीटरची वायर हवी.

दिवा बंद असतानाही होल्डरमध्ये टेस्टर लागतो: बटण फेजवर नसून न्यूट्रलवर आहे. बल्ब बदलताना धक्का बसण्याचे हे मोठे कारण आहे. वायरमनकडून वायरी बदलून घ्याव्यात.

काही दिवे मंद तर काही एकदम तेज होतात, पंखा जोरात फिरतो: न्यूट्रल सैल झाली किंवा तुटली असण्याची शक्यता आहे. गल्लीतल्या अनेक घरांत असे होत असेल तर दोष बाहेर आहे. मुख्य बटण बंद करावे आणि १९१२ वर कळवावे.

न्यूट्रल गेली म्हणून अर्थिंगवर दिवे चालवले आहेत: हा प्रकार गावोगाव चालतो आणि अतिशय घातक आहे. असे केले आणि अर्थिंगची वाट अडली, तर घरातल्या प्रत्येक यंत्राच्या पत्र्यावर वीज येऊ शकते. शेजाऱ्यालाही धोका होतो.

घरातले सगळे बंद असताना मीटरवरचा दिवा लुकलुकतो: वीज कुठेतरी जाते आहे. फ्रिज, इन्व्हर्टर वगैरेंचे प्लग काढूनही तसेच राहिले तर गळती तपासून घ्यावी.

खिशातल्या टेस्टरबद्दलही एक इशारा द्यायला हवा. कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावला आणि दिवा लागला तर कूलर बंद करावा, हे बरोबर. पण दिवा लागला नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असे धरू नये. पायात जाड चप्पल असेल किंवा लाकडी स्टुलावर उभे असाल तर तो फसवू शकतो. तसेच घरात इन्व्हर्टर असेल तर मुख्य बटण बंद केल्यावरही काही तारांत वीज राहते. दुरुस्तीपूर्वी इन्व्हर्टरही बंद करावा.

हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. "शेजारचा पोरगा करतो" म्हणून शंभर रुपये वाचवू नयेत. डोळ्याचे ऑपरेशन आपण ओळखीच्या माणसाकडून स्वस्तात करून घेत नाही.

धक्का लागलाच तर

पहिली गोष्ट म्हणजे चिकटलेल्या माणसाला हात लावू नये. मायेपोटी धावणारा दुसरा बळी ठरतो. आधी मुख्य बटण बंद करावे किंवा प्लग ओढावा. म्हणून मुख्य बटण कुठे आहे आणि ते कसे बंद करायचे, हे घरातल्या दहा वर्षांच्या मुलापासून आजीपर्यंत सर्वांना ठाऊक असावे. बटण सापडत नसेल तर कोरड्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या वस्तूवर उभे राहून, कोरड्या काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला वेगळे करावे. बाहेर खांबावरची मोठी तार तुटून पडली असेल तर काठीचाही उपयोग नाही. दूर राहावे, इतरांना दूर ठेवावे आणि १९१२ वर कळवावे.

माणूस सुटल्यावर तो बोलतो का, श्वास घेतो का ते पाहावे. श्वास नसेल किंवा नुसता आचके देत असेल तर क्षणही घालवू नये. एकाने १०८ क्रमांकाला फोन करावा. दुसऱ्याने त्याला कडक जमिनीवर उताणे निजवून, छातीच्या मधोमध एका तळहातावर दुसरा तळहात ठेवून, कोपरे ताठ धरून दाबायला सुरुवात करावी. मोठ्या माणसाची छाती किमान पाच सेंटिमीटर दबली पाहिजे आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब दिला पाहिजे. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. दमल्यास दुसऱ्याने घ्यावे.

ही पद्धत डॉक्टरांनी एकट्याने शोधलेली नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोवेन नावाचे विद्युत अभियंते होते. विजेच्या धक्क्याने थांबलेले हृदय पुन्हा कसे चालू करावे, याचा अभ्यास त्यांनी अनेक वर्षे केला. १९६० साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसह छाती बाहेरून दाबून रक्त फिरते ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. आज जगभर हृदय थांबलेल्या माणसाला हाच पहिला उपचार देतात. धक्क्यानंतर थांबलेले हृदय बहुधा मुळात निरोगी असते. त्याला वेळेवर मदत मिळाली तर ते परत चालू होण्याची आशा असते.

धक्का बसलेल्या माणसाला मातीत किंवा शेणात पुरण्याची रीत काही ठिकाणी अजून ऐकू येते. त्याने काही होत नाही, फक्त मोलाची मिनिटे जातात. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे स्वच्छ वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नये.

माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी पुढील स्थितीत दवाखान्यात न्यावे: बेशुद्ध पडला होता, छातीत धडधडते किंवा दुखते, चिकटून राहिला होता, कातडी भाजली आहे, अंग ओले होते, बाई गरोदर आहे किंवा लहान मूल आहे. विजेने कातडीवर छोटासा काळा ठिपका पडतो आणि आतले स्नायू मात्र खोलवर भाजतात. लघवी चहासारखी गडद झाली तर मूत्रपिंडांना धोका आहे असे समजावे. हृदयाचा आलेख काढावा लागतो, धनुर्वाताचे इंजेक्शनही लागू शकते.

या रविवारी एवढे करा

१. घरातले कोणते यंत्र 'जरा मारते' हे घरातल्या बायकांना विचारा. ओल्या हातांनी सर्वात जास्त वेळ त्याच वावरतात आणि बहुधा त्यांनाच ठाऊक असते. ते यंत्र त्याच क्षणी बंद करा.

२. कपड्यांची लोखंडी तार काढून दोरी बांधा.

३. अर्थिंगचा खड्डा शोधा. सापडला तर पाणी ओता, सापडला नाही तर तो नाही असे समजून नवा करून घ्या.

४. दोन पिनांवर चालणारे कूलर, मोटर आणि धातूचे अंग असलेले मिक्सर यांची यादी करा.

५. आरसीसीबी बसवून घ्या.

६. मुख्य बटण घरातल्या प्रत्येकाकडून एकदा बंद-चालू करून घ्या.

त्या मावशी नंतर पुन्हा आल्या, त्या नातवाला खोकला झाला म्हणून. हाताचे विचारले तर म्हणाल्या, "मुंग्या गयात." नातू सुटीभर त्याच कूलरपुढे झोपत होता. मावशींनी आपली तक्रार बोलून दाखवली म्हणून ते घर वाचले. तुमच्याही घरात कोणी असे सहज बोलून गेले असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका.